मधली सही

३ फेब्रुवारी

ताई,

आधी नमस्कार, मग तक्रार. तीन महिने झाले, तुझ्या दोन ओळी नाहीत. फोनवर तू काय बोलतेस ते माझ्या कानांपर्यंत पोचत नाही, आणि मोबाइलवर लिहायला बसलो की माझी ग्रीसची बोटं तीन-तीन अक्षरं एकदम दाबतात. मागे ‘भाऊजी बरे आहेत का’ असं विचारायचं होतं, ते ‘भाजी बरी आहे का’ असं गेलं, आणि तू मला भाजी कशी करायची ते सविस्तर कळवलंस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

भाऊजींचा उजवा हात आता कितपत उचलतो? व्यायाम करून घेणारी ती बाई अजून येते ना घरी?

इकडे ठीक. तुझी वहिनी माझ्याशी हातवारे करून भांडायला शिकली आहे. आता जिंकायला तिला आवाजही लागत नाही. पोरगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कायम झाली. रक्ताचे नमुने गोळा करत गावोगाव फिरते. गॅरेजच्या दाराशी मी पाटी टांगली आहे. गिऱ्हाइकाने तक्रार तिच्यावर लिहायची आणि गाडी ठेवून जायचं. आमच्या गावातल्या मास्तरीणबाई आल्या की स्वतःची तक्रार लिहिण्याआधी बाकीच्यांचं शुद्धलेखन दुरुस्त करतात. परवाच त्यांनी ‘ब्रेक लागत नाहि’मधली वेलांटी दीर्घ केली. ब्रेक मात्र मलाच दुरुस्त करावा लागला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मास्तरीणबाईंची मोटरसायकल तुमच्याच कारखान्यातली आहे, पाच महिन्यांची. हँडल डावीकडे ओढतं, अशी तक्रार होती. मला इंजिन ऐकू येत नाही, पण हँडलवर तळवे ठेवले की गाडीला कुठे दुखतंय ते कळतं. ही पुढून थरथरत होती. टाकी काढली, पुढचं सगळं उघडलं. हँडलचा दांडा ज्या नळीतून खाली उतरतो ती नळी चेसिसच्या पाइपाला जिथे वेल्ड केली आहे, तिथे केसाएवढी चीर. बोटाला लागत नव्हती. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड मारली, तेव्हा रेघ उमटली.

मी विचारलं, कुठे आपटलीत का? बाई म्हणाल्या, मी गाडी आपटत नाही आणि मुलांनाही आपटत नाही. बरं, म्हटलं, होतं कधी कधी. पण काल आमच्या पोस्टमनची गाडी आली. तेच मॉडेल, तीच जागा, तशीच चीर. ताई, दोन माणसं आपापल्या गाड्या बरोब्बर एकाच जागी आपटत नाहीत. दोघांना शोरूममध्ये पाठवलं, तर तिथला माणूस म्हणाला, रस्ते खराब, त्याला कंपनी काय करणार?

दोन्ही गाड्या माझ्याकडे उभ्या आहेत. दोघांचंही रोजचं काम अडलंय. तू तपासणी विभागात इतकी वर्षं काढलीस. तूच सांग, वेल्डिंग मारून देऊ की ठेवून घेऊ? तू म्हणशील तसं करतो.

तुझा मावसभाऊ,
ठोक्या


१४ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

तुझी भाजी यांना वाचून दाखवली. ओठांचा डावा कोपरा हलला, म्हणजे हसले. हात आता खांद्यापर्यंत येतो. व्यायामाची बाई आठवड्यातून तीनदा येते. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, ती बाईही कंपनीची. गेली तीन वर्षं हे सगळं नसतं तर मी काय केलं असतं, हा विचारसुद्धा नको वाटतो. पोरीचं अभिनंदन. आत्याकडून पाठीवर थाप दे.

गाड्यांबद्दल. आमच्याकडून गाडी तपासूनच बाहेर पडते, हे तुला वेगळं सांगायला नको. तुमच्याकडचे रस्ते मी पाहिले आहेत. त्यात मागे माणूस, पुढे पिशवी, कधी पोतं. लाखभर गाड्यांमध्ये दोन गाड्यांना चीर जाणं ही काही मोठी गोष्ट नाही. जागा नीट घासून, चांगल्या रॉडने वेल्डिंग मार आणि देऊन टाक. तुझा हात मला माहीत आहे. काही होत नाही. लोकांना उगाच ताटकळत ठेवू नकोस आणि गावात फार चर्चाही करू नकोस. शोरूमवाले तुझ्यावरच उलटतील.

हां, त्या गाड्यांचे चेसिस नंबर मात्र पाठव. सहजच. माझ्याकडे नोंद असलेली बरी.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी दोन्ही गाड्या घेतल्या. घासून, जोड भरून, पुन्हा घासून असं काम केलं की रंग मारल्यावर माझं मलाच सापडेना. मास्तरीणबाईंनी वाकून पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘दहापैकी नऊ. एक गुण अक्षराचा कापला.’ आणि भुर्रकन निघून गेल्या. त्यांचा रोजचा रस्ता घाटाचा आहे, पलीकडच्या शाळेचा. म्हणून जरा धाकधूक होती. पण आता दहा दिवस झाले, हँडल एकदम सरळ, असं त्या म्हणतात.

या आठवड्यात आमच्या दूधवाल्याची गाडी आली. तिलाही तेच. तू सांगितलंस तसं तिचंही करतो.

आणि एक आनंदाची बातमी. पोरीने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, तुमचंच मॉडेल. सहा महिने शोरूममध्ये उभी होती म्हणून लगेच हातात पडली. तिने तिथे सगळ्यांना ऐकवलं म्हणे, माझी आत्या पास करते तेव्हाच ही गाडी गेटाबाहेर पडते. रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरते. तिची आई दाराशी उभी राहून पाहते आणि मला हातवारे करते, ‘हळू चालव म्हणावं.’ जणू मी ओरडलो तर पोरगी ऐकणार आहे.

सोबतच्या कागदावर नंबर लिहिले आहेत. पहिला मास्तरीणबाईंचा, दुसरा पोस्टमनचा, तिसरा दूधवाल्याचा. चौथा पोरीच्या गाडीचा. तिला चीरबीर काही नाही, उगाच आपली तुझ्याकडे नोंद असावी म्हणून. गंमत बघ, चारही नंबरांचे सुरुवातीचे आकडे एकच आहेत.

ठोक्या


७ मार्च

ठोक्या,

आत्ताच पोरीला फोन केला. तिची गाडी शेडमध्ये लाव आणि कुलूप घाल. तिला बसने जाऊ दे. मी कळवीपर्यंत त्या गाडीवर कुणालाही बसू देऊ नकोस. कारण विचारू नकोस आणि माझ्या फोनबद्दल बाहेर कुठे बोलू नकोस. मी इकडे बघते आहे.

ताई


१६ मार्च

ताई,

मास्तरीणबाई गेल्या.

गुरुवारी सकाळी शाळेत जाताना. घाटातल्या तिसऱ्या वळणावर हँडल हातात आलं. मागून ट्रकवाला येत होता, त्याने पाहिलं. तो म्हणतो, गाडी वेगात नव्हती, रस्त्यावर काही नव्हतं. पुढचं चाक एकीकडे गेलं आणि बाई दुसरीकडे. कठड्याचा दगड कपाळाला लागला. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आमचीच पोरगी तिथे कामावर होती. तिनेच मला घरी येऊन सांगितलं. माझ्या दोन्ही खांद्यांना धरून, समोर तोंड करून, एक-एक शब्द सुटा करून.

आता माझं ऐक.

तू शनिवारी फोन केलास. पोरगी घाबरून माझ्याकडे आली, आत्या असं असं म्हणते. मला कळायला वेळ लागला नाही. मी बहिरा आहे, बिनडोक नाही. त्याच रात्री मी तिची गाडी कुलपात घातली. रविवारी सकाळी पोस्टमनच्या घरी जाऊन त्याच्या गाडीचं पुढचं चाकच काढून आणलं. तो वेड्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला. दूधवाल्याची माझ्याकडेच होती. मास्तरीणबाईंच्या घराला कुलूप होतं. नवरा आणि मुलीला घेऊन बसने कुठे गेल्या होत्या. सोमवारी मी शाळेत गेलो.

परीक्षा चालू होती. त्या वर्गाबाहेर आल्या. मी म्हटलं, बाई, गाडी चालवू नका, माझ्याकडे आणून द्या. त्यांनी विचारलं, का? तुम्हीच तर म्हणालात, पक्की झाली म्हणून.

ताई, मी काय सांगणार होतो? मला कारण माहीत नव्हतं. तू फोनवर पोरीला बजावलं होतंस, बाहेर बोलू नका, आणि तुझा शब्द मी आजवर कधी मोडला नाही. मी म्हटलं, तसं काही नाही, पुन्हा एकदा बघतो. त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, ‘शनिवारी अर्धा दिवस आहे, तेव्हा आणते. पेपर तपासायचे आहेत, बस चुकते.’ आणि हसून आत गेल्या. मी दोन मिनिटं उभा राहिलो. त्यांच्या पर्समधून चावी ओढून घ्यायला हवी होती. भांडायला हवं होतं. मी परत आलो.

ज्या पोरीला मी जन्म दिला तिच्यासाठी तू फोन केलास, म्हणून तुझे पाय धरावेत असं वाटतं. आणि दुसऱ्याच क्षणाला जे वाटतं ते लिहिवत नाही.

त्यांचे यजमान शिंपी आहेत, बाजारातल्या कोपऱ्यावर दुकान आहे. मुलगी सहावीत. मी गेलो तेव्हा ती दप्तर पाठीला लावूनच बसली होती. कुणी काढून ठेवायला सांगितलंच नव्हतं.

काय आहे त्या गाड्यांमध्ये? आता तरी सांग.

ठोक्या


२९ मार्च

प्रिय ठोक्या,

तुझं पत्र वाचून काय वाटलं ते लिहिता येणार नाही. त्या बाईंच्या घरच्यांना माझ्यातर्फे… नको, काहीच सांगू नकोस.

तू विचारतोस ते मलाही नक्की सांगता येत नाही. चौकशी चालू आहे. कंपनीची माणसं तुमच्याकडे येतील. सरकारी वाहन खात्याचा अधिकारीही बरोबर असेल. त्यांना सहकार्य कर. ते तुझ्या वेल्डिंगबद्दल विचारतील. केलं असं सरळ सांग, लपवू नकोस. माझ्या पत्रांचा उल्लेख मात्र करू नकोस. आपलं नातं बाहेर आलं तर मला या कामातून बाजूला काढतील आणि मग आतून तुझ्यासाठी बोलणारं कुणी उरणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव.

जेवत जा. वहिनीला सांभाळ.

ताई


१८ एप्रिल

ताई,

विश्वास ठेवला.

तुमची दोन माणसं आली. चांगली होती. एकाने माझ्या पाटीवर लिहून लिहून प्रश्न विचारले, अक्षर सुरेख. मी सगळं सांगितलं. चीर कधी दिसली, रॉकेल-खडू कसा लावला, रॉड कोणता वापरला. मोडक्या गाडीपाशी वाकून त्यांनी माझ्या जोडाचे फोटो काढले, वरून, खालून, मोजपट्टी ठेवून. मी म्हटलं, साहेब, माझा जोड तुटलेला नाही, नीट बघा, त्याच्या शेजारचा तुमचा तुटलाय. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

काल फौजदार कागद घेऊन आले. कंपनीचा अहवाल. मृत्यूचं कारण, अनधिकृत व्यक्तीने केलेली सदोष वेल्डिंग. त्या उष्णतेने मूळचा मजबूत सांधा कमकुवत झाला. मूळ उत्पादनात कोणताही दोष आढळला नाही. मी तीनदा वाचला. खाली तीन सह्या आहेत.

मधली तुझी आहे.

मावशीच्या घरी परसात बसून तू त्या सहीचा सराव करायचीस, मी तुझ्या वहीची पानं उलटून द्यायचो. तिसऱ्या अक्षराची शेपटी तू जशी फिरवतेस तशी जगात कुणी फिरवत नाही. मी फौजदारांना म्हटलं, ही सही खरी आहे का हो? ते म्हणाले, खोटी कशाला असेल?

गॅरेजला सील लागलं आहे. माझ्यावर निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा गुन्हा आहे. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी. बाजारातून जाताना लोक बोलत असतील, पण ते मला ऐकू येत नाही. बघतात, ते मात्र दिसतं.

तुझं चौदा फेब्रुवारीचं पत्र माझ्या खिशात आहे. वेल्डिंग मार, काही होत नाही, असं तुझ्या हाताने लिहिलेलं. तुझी वहिनी म्हणते, आत्ता उठा आणि ठाण्यात देऊन या. ती बरोबर बोलते आहे. मी अजून उठलेलो नाही.

तू सांग, काय करू?

ठोक्या


२ मे

आत्या,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे. बाबांना हे पत्र माहीत नाही.

तुम्ही त्यांच्या पत्राला उत्तर दिलं नाही. रोज पोस्टमनकाका दाराशी आले की ते उठून उभे राहतात आणि काकांनी नुसती मान हलवली की खाली बसतात. असे बारा दिवस गेले. परवा आईने पुन्हा विषय काढला, ते पत्र द्या म्हणून. बाबांनी खिशातून काढलं आणि आमच्या दोघींच्या समोर फाडलं. बारीक बारीक तुकडे केले. म्हणाले, “भाऊजी अंथरुणाला आहेत. ताईचं घर गेलं तर ती त्यांना कुठे नेईल? आणि हात माझा होता.” आई तुकडे वेचायला गेली, तर त्यांनी चुलीत टाकले.

ते जेवत नाहीत. शिंप्यांच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून ठाण्यात लांबच्या रस्त्याने जातात. एकदा मला म्हणाले, मी त्या बाईंना मारलं ना गं? मी नाही म्हटलं. त्यांनी माझे ओठ वाचले आणि म्हणाले, तुला खोटं बोलता येत नाही, तुझी आत्या बोलते तसं.

मी तुमच्यामुळे जिवंत आहे, हे मला कळतं. पण त्यामुळे गप्प बसायचं असेल तर मला ते जमणार नाही. तुम्ही मला फोनवर काय सांगितलंत ते मी न्यायालयात सांगणार आहे. आता बाबांकडे कागद नाही. कागद असले तर तुमच्याकडेच असतील.

तुमची भाची


११ मे

ठोक्या,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तेवीस दिवस लागले. पोरीचं पत्र आलं नसतं तर आणखी किती लागले असते, माहीत नाही. आता सगळं सांगते.

गेल्या जुलैमध्ये वेल्डिंगच्या यंत्राला नवी तार आली, वेगळ्या पुरवठादाराची. आम्ही पन्नास चेसिस उचलून हादऱ्यांच्या यंत्रावर चढवले. पन्नासपैकी सात तडकले. सातही मानेपाशी, तू पाहिलंस त्याच जागी. मी तक्त्यावर लाल शाईने ‘थांबवा’ असं लिहिलं आणि साहेबांकडे नेलं. ते म्हणाले, तुमची निवड चुकली असेल, दुसरे पन्नास घ्या. दुसरे पन्नास त्यांच्या माणसाने आणून दिले. एकही तडकला नाही. ते जुन्या तारेचे होते. मला पाहताक्षणी कळलं, जोडाचा रंगच वेगळा होता. साहेब म्हणाले, “बाई, यजमानांची तब्येत कशी आहे? दवाखान्यात काही अडचण असेल तर सांगा हं.” बस, एवढंच. धमकी म्हणायलाही जागा ठेवली नाही. मी सही केली. अकरा हजार गाड्या बाहेर पडल्या.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाचता वाचता मला कळलं. तरी तुला लिहिलं, काही होत नाही. मी स्वतःलाच सांगत होते. मग तुझा नंबरांचा कागद आला. चौथा नंबर वाचला. फोन उचलला. पोरीशी बोलून झाल्यावर मी शांतपणे चहा केला. हे मला सगळ्यांत भयंकर वाटतं. आता सगळं सुरक्षित आहे असं वाटलं मला.

अहवालाचा कागद समोर आला तेव्हा वर आणि खाली सह्या झालेल्या होत्या, मध्ये माझ्यासाठी जागा सोडली होती. त्यात तुझं नाव वाचून मी सही केली, हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं. नकळत झाली असं नाही. वाचून केली.

जुलैचा पहिला तक्ता नष्ट करायला सांगितला होता. मी तो केला नव्हता. का, ते विचारशील तर धैर्य म्हणून नाही, लाल शाईचं स्वतःचं अक्षर फाडवलं नाही म्हणून. परवा तो मी वाहन खात्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. दुसरे पन्नास कसे आले ते लिहून दिलं. अहवालावरची सही खोटेपणाने केली, असं लिहून दिलं. शेवटी कोरा कागद मागितला आणि चौदा फेब्रुवारीचं माझं पत्र त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहिलं. तू फाडलंस, पण मला ते शब्दाशब्दाने पाठ आहे. ‘काही होत नाही’ लिहिताना अधिकाऱ्याने मला पाणी दिलं.

काल मला निलंबित केलं. घर महिनाअखेरीस सोडायचं आहे. व्यायामाची बाई आजपासून येणार नाही, तसा निरोप आला. यांना सगळं सांगितलं. त्यांना नीट बोलता येत नाही. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. रागाने की कशाने, कळलं नाही.

क्षमा मागत नाही. तुझी मागण्याचा हक्क उरला नाही, आणि ज्यांची मागायची त्या ऐकायला नाहीत.

ताई


२६ जुलै

ताई,

तुझा नवा पत्ता पोरीने शोधून दिला. दोन खोल्या आहेत असं कळलं, आणि जिनाही आहे. भाऊजींना कसं नेता-आणता?

तुझ्या मागच्या पत्राला मी अडीच महिने उत्तर दिलं नाही. चार वेळा सुरुवात केली. दोनदा शिव्या लिहिल्या, दोनदा रडलो. आता जे झालं तेवढंच लिहितो.

गाड्या परत बोलावल्याची जाहिरात तूही पाहिली असशील. पान सातवर, खाली. ‘ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी स्वेच्छेने,’ असं लिहिलंय. स्वेच्छेने! पोस्टमन मला ती ओळ बोट ठेवून दाखवत होता. आमच्या शोरूमसमोर रोज रांग असते. वाहन खात्याचे अधिकारी आले होते, ते म्हणाले, आतापर्यंत चार हजार तपासल्या, त्यातल्या तीनशेवर गाड्यांना चीर निघाली. आणि तिकडे दूर दोन ठिकाणी माणसं गेली होती, गेल्या हिवाळ्यात. दोन्हीकडे ‘चालकाचा ताबा सुटला’ अशी नोंद होती. आता पुन्हा उघडणार आहेत. म्हणजे मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी ती माणसं गेली होती.

पोरीची गाडी मी स्वतः नेली, ढकलत. तिलाही चीर निघाली. लहान होती, नुकती सुरू झालेली. मी तिथेच फुटपाथवर बसलो.

माझ्यावरचा गुन्हा काढून घेतला. गॅरेजचं सील निघालं, पण मी अजून कुलूप उघडलं नाही. लोक येतात, पाठीवर हात ठेवतात, म्हणतात, सुटलात. मी मान हलवतो. तुमच्या वेल्डिंगमुळे नाही झालं, असं कागदावर आलंय. पण गाडी त्यांच्या हातात परत मीच दिली होती, हे कुठल्या कागदाने पुसणार?

तुला न्यायालयात कधी बोलावतात ते कळव. मी येईन. तुझ्या बाजूने की समोर बसायला, ते आज सांगता येत नाही. पण येईन.

आणि आता शेवटचं.

काल दुपारी शिंपी घरी आले, मास्तरीणबाईंचे यजमान. मार्चपासून मी त्यांचं तोंड चुकवत होतो. त्यांनी चप्पल बाहेर काढली, माझ्यासमोर बसले, हळूहळू बोलले म्हणजे मला कळावं. म्हणाले, मला सगळं वाचायचंय. मी तुझी सगळी पत्रं दिली. एक सोडून, ते मी जाळलं होतं. पण त्याची तू लिहून दिलेली नक्कल त्यांनी अधिकाऱ्याकडे वाचली होती. माझी पत्रं तुझ्याकडे आहेत, म्हणून त्यात काय होतं ते मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि तासभर वाचत बसले. तुझ्या वहिनीने चहा ठेवला, तो निवला.

वाचून झाल्यावर त्यांनी मे महिन्यातलं पत्र पुन्हा उघडलं. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “त्या कागदावर चार नंबर होते ना?”

मी हो म्हटलं.

“आमचा पहिला होता?”

मी हो म्हटलं.

“मग त्यांनी एकच फोन का केला?”

ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते, एखादा रस्ता विचारावा तसं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, तुम्हाला माहीत नसणारच, त्यांना माहीत असेल. चार महिने लोक मला तार, सांधा, उष्णता सांगतायत, मला त्यातलं काही नको. मला एवढं एकच त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी कागदावर लिहून दिला, बसचे नंबरही लिहून दिले. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा येणार आहेत. बरोबर मुलगीही असेल, तिला घरी एकटं ठेवत नाहीत.

आले की दार उघड.

ठोक्या